सांगली ते बफलो: कुठे विचारायचं आणि कुठे वाचायचं

अमेरिकेला शिकायला जायच्या तयारीत माझं सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं असेल तर गोवराच्या लशीने. जीआरई ही प्रवेशपरीक्षा झाली, ॲडमिट आलं, आय-२० म्हणजे व्हिसासाठी लागणारं युनिव्हर्सिटीचं प्रवेशपत्र आलं, सेव्हिसचे म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर भरले, व्हिसाचे १६० भरले, त्या वर्षी म्हणजे २०२२ ला व्हिसाचे स्लॉटच मिळत नव्हते त्यामुळे घरातले सगळे आळीपाळीने "उघडलं का, उघडलं का" करत बसायचे, तेही एकदाचं पार पडलं. मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यू तर इतका पटकन झाला की कुठली युनिव्हर्सिटी, पैसे कोण भरणार एवढं विचारून त्या बाईंनी पासपोर्ट ठेवून घेतला, आणि मी जी मोठी फाईल नेली होती ती कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही. आणि मग बफलोच्या युनिव्हर्सिटीचा ईमेल. न्यूयॉर्क राज्याचा कायदा आहे, गोवर-गालगुंड-रुबेला या लशी घेतल्याचा पुरावा द्या, नाहीतर तुमच्या अकाउंटला होल्ड लागेल.

माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईने जपून ठेवलेलं होतं, पण त्यावर नवव्या महिन्यातली गोवराची लस तेवढीच. त्यांना हवे होते गोवराचे दोन डोस, ते पण पहिल्या वाढदिवसानंतरचे. म्हणजे कार्ड असून नसल्यासारखंच. आमच्या डॉक्टरांनी एमएमआरचे, म्हणजे याच तीन रोगांवरच्या एकत्र लशीचे, दोन डोस परत द्यायचे ठरवले, मध्ये किमान अठ्ठावीस दिवस जायला हवेत, म्हणून कॅलेंडरवर उलटी मोजणी. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले होते डॉक्टर, बावीस वर्षांच्या घोडीला बाळाच्या लशी म्हणून.

बाबा जिल्हा परिषदेत आहेत. त्यांचं एकच म्हणणं, "अगं लिंक काय वाचत बसलीस, तिथला माणूस कोण आहे ते बघ आणि त्याला फोन लाव." बाबांच्या जगात प्रत्येक कामाला एक माणूस असतो. मी ईमेल केला की पहिला डोस घेतलाय, दुसरा महिन्याने आहे, चालेल का. उत्तर आलं, अगदी गोड भाषेत, आणि त्यात एक लिंक. त्या पानावर माझ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहिलेलं होतं. हे पुढे दोन वर्षं होत राहिलं.

जायच्या आधी आणखी एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी. मे २०२२ मध्ये बफलोतल्या एका सुपरमार्केटमध्ये गोळीबार झाला, दहा लोक गेले, सगळे कृष्णवर्णीय, मारणारा वंशद्वेषातून ठरवून दुसऱ्या गावाहून आलेला. आमच्याकडे टीव्हीवर बफलो हे नाव पहिल्यांदा आलं ते असं. आई दोन दिवस काही बोलली नाही, मग म्हणाली तिथेच जायचंय का. डिपॉझिट भरून झालं होतं, शिवाय दुसरं ॲडमिट जास्त महाग होतं. गेले.

ऑगस्टात पोचले तेव्हा बर्फ-बिर्फ काही नाही, मस्त ऊन, सांगलीतल्या नोव्हेंबरसारखी हवा. सीनियर पोरं एअरपोर्टवर घ्यायला आली, त्यांच्या हॉलमध्ये गाद्या टाकून आम्ही सहा-सात नवीन मुलं-मुली एका रांगेत झोपायचो आणि दिवसभर घर शोधायचो. बफलोत युनिव्हर्सिटीचे मुख्य दोन कॅम्पस, साउथ कॅम्पस शहरात मेन स्ट्रीटवर आणि नॉर्थ कॅम्पस लांब ॲमहर्स्टला, इंजिनिअरिंगचे वर्ग नॉर्थला. पण देशी पोरं राहतात साउथच्या आजूबाजूला कारण भाडं कमी, जुनी लाकडी घरं, खाली एक कुटुंब वर एक, आणि दोन्ही कॅम्पसमध्ये युनिव्हर्सिटीची बस फुकट. डॉलर तेव्हा ऐंशीच्या घरात होता त्यामुळे पहिले दोन महिने मी कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा ऐंशीने गुणत होते. नंतर हा गुणाकार आपोआप बंद पडतो, तो केव्हा बंद पडला ते कळत नाही.

आम्हाला एक घर मिळालं, चौघी, मी, दोघी तेलुगू आणि एक इंदोरची. घरमालक म्हणाला पहिलं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. आमची तयारी होती, कारण सांगलीत, पुण्यात मागतील तेवढं देतोच आपण. पण विजयवाड्याची जी मुलगी होती तिला सगळं वाचायची खोड. तिने लीज वाचलं, मग राज्याचा कायदा शोधला, २०१९ पासून न्यूयॉर्कमध्ये एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर चौदा दिवसांत हिशोबासकट परत द्यायला लागतं. तिने चार ओळींचा ईमेल टाकला, कलमासकट. आम्ही तिघी घाबरलेल्या, म्हटलं आता घर गेलं. त्याचं उत्तर अर्ध्या तासात, "ओके, एक महिन्याचं चालेल". ना राग, ना "तुम्ही मला कायदा शिकवता का". आमच्याकडे घरमालकाला कलम दाखवलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाणी बंद झालं असतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू जुळत गेली. आपल्याकडे आपण खिडकीवर विचारतो आणि वर्गात गप्प बसतो. फॉर्म कसा भरायचा, कागद कुठले, साहेब कधी येतात, हे सगळं विचारायचं, कारण बोर्डावर लिहिलेलं असतं ते खरं असेलच असं नाही. आणि वर्गात मात्र विचारायचं नाही, सरांना वाटेल लक्ष नव्हतं, पोरं हसतील. तिथे बरोब्बर उलटं. खिडकीवर विचारलं तर माणूस शांतपणे तुम्हाला जे लिहिलंय तेच वाचून दाखवणार, त्याच्या हातात खरंच वेगळं काही नसतं. आणि वर्गात न विचारणाऱ्याबद्दल त्यांना काळजी वाटते. माझं ॲडजस्ट होणं म्हणजे मुख्यतः ही अदलाबदल होती, बाकी जेवण, थंडी वगैरे आपोआप जमतं.

पहिल्या लेक्चरला प्रोफेसर जीन्समध्ये, कॉफीचा कप घेऊन, म्हणाले मला पहिल्या नावाने हाक मारा. ते मला शेवटपर्यंत जमलं नाही, मी "प्रोफेसर" वर तडजोड केली. त्यांनी सिलॅबस म्हणून जे दिलं ते म्हणजे सेमिस्टरचं पंचांगच, कुठल्या तारखेला कुठला चॅप्टर, होमवर्क कधी, उशीर केला तर दिवसाला किती टक्के कापणार, परीक्षेला काय आणायचं, वर्गात बोलण्याला किती मार्क. हो, बोलण्याला मार्क. आणि परीक्षेला प्रत्येकाने एक कागद, दोन्ही बाजूंनी, स्वतःच्या हाताने लिहून आणायचा. मी सीनियरला विचारलं की म्हणजे कॉपी? तो म्हणाला कर की, बघ किती उपयोग होतो. अजिबात होत नाही. फॉर्म्युला समोर असतो आणि प्रश्न असा असतो की कुठला फॉर्म्युला ते सुचत नाही, पण कागद बनवताना जो अभ्यास होतो तोच खरा.

माझ्या वर्गात एक साधारण पंचेचाळीसच्या बाई होत्या, दिवसा फॅक्टरीत नोकरी, दोन मुलं. ऑपरेशन्स रिसर्चच्या तासाला त्यांनी हात वर करून विचारलं की हे चिन्ह कशाचं आहे. बेरजेचं सिग्मा होतं ते. मी मनात म्हटलं आता काय होणार. काहीच झालं नाही, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, प्रोफेसरांनी दोन मिनिटांत समजावलं आणि पुढे गेले. सेमिस्टरच्या शेवटी त्या बाईंचा प्रोजेक्ट वर्गात सगळ्यात भारी होता, कारण त्यांना खरी फॅक्टरी माहीत होती आणि आम्हाला फक्त सिग्मा.

ऑफिस अवर्स हा प्रकार मला खूप उशिरा कळला. म्हणजे माहीत होतं की मंगळवारी दोन तास प्रोफेसर केबिनमध्ये असतात, पण केबिनमध्ये जायचं म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय म्हणून बोलावलंय अशीच सवय. बाहेर कॉरिडॉरमध्ये अमेरिकन पोरं जमिनीवर बसून वाट बघायची आणि आमचं देशी मंडळ लायब्ररीत एकमेकांना विचारत बसायचं, ज्यातल्या कुणालाच येत नाही. शेवटी एका होमवर्कपायी गेलेच. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तू काय काय करून पाहिलंस?" मी वही दाखवली, त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले लिही फळ्यावर. अर्धा तास मी लिहिते, ते "का?" म्हणतात, एवढंच. उत्तर त्यांनी सांगितलंच नाही. बाहेर आले तेव्हा घाम आलेला, पण उत्तर आलेलं होतं. मग मी दर मंगळवारी जायला लागले, काही नसलं तरी, आणि पुढे रेकमेंडेशन लेटर मागायची वेळ आली तेव्हा त्यांना मी कोण हे सांगावं लागलं नाही.

आणि होमवर्कचं आणखी एक. आमच्या कॉलेजात असाइनमेंट "फिरायची", एक जण लिहिणार, चाळीस जण उतरवणार, सरांना माहीत, सगळ्यांना माहीत. इथे बोलायला परवानगी, लिहायचं मात्र स्वतः, आणि कुणाशी बोललात ते वर नाव टाकायचं. आमच्या बॅचमधल्या दोघांचा कोड सारखा निघाला, व्हेरिएबलची नावंसुद्धा तीच, त्यांना चौकशीला बोलावलं, त्या असाइनमेंटला शून्य आणि रेकॉर्डवर नोंद. त्यातल्या एकाचं म्हणणं होतं की मी मित्राला मदत केली यात काय गुन्हा. मला त्याची बाजू कळते, खरंच कळते, पण ते सिलॅबसच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं आणि तिथे हेच शेवटचं वाक्य असतं.

बाबांना माझे मार्क हवे होते. साहजिक आहे, कर्ज त्यांच्या नावावर. आमच्या कॉलेजमध्ये हजेरी कमी झाली की घरी एसएमएस यायचा. त्यांनी मला विचारलं की तुझ्या डिपार्टमेंटचा ईमेल दे, मी त्यांच्याकडून रिझल्ट मागवतो. त्यांना समजावणं अवघड होतं की १९७४ पासून तिथे कायदाच आहे, कॉलेजला गेलेल्या मुलाची माहिती त्याच्या लेखी परवानगीशिवाय आईवडिलांना सांगायला मनाई. "पैसे आम्ही भरतो आणि माहिती नाही?" असं ते दोन-तीन वेळा म्हणाले. मी स्क्रीनशॉट पाठवत राहिले. बी-प्लस म्हणजे किती टक्के हे त्यांना अजून पटलेलं नाही.

नोकरी कॅम्पसवरच करता येते, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तास, त्याच्या वर एक तास नाही. मला डायनिंग हॉलमध्ये मिळाली. आधी जॉबचं पत्र, मग इंटरनॅशनल ऑफिसचं पत्र, मग सोशल सिक्युरिटी नंबर, मग पगार. तेव्हा न्यूयॉर्क शहराबाहेरच्या या भागात किमान वेतन तासाला १३.२० डॉलर होतं, वर्षअखेरीला १४.२० झालं. काम म्हणजे ढबू मिरच्या कापणं, ट्रे लावणं, रात्री भांडी मशिनमध्ये घालणं. माझी सुपरवायझर एकोणीस वर्षांची पोरगी, सेकंड इयरची, आणि मी इंजिनिअर. सुरुवातीला हे फार टोचायचं. तिला नाही टोचायचं, ती स्वतः माझ्या शेजारी उभी राहून फरशी पुसायची आणि पुसताना मला विचारायची की तुमच्याकडे लग्नं खरंच इतकी दिवस चालतात का. ब्रेकची वेळ झाली की काम अर्धवट टाकून ब्रेक घ्यायचाच, नाही घेतला तर तीच ओरडायची. आईला मी "कॅम्पसमध्ये जॉब" एवढंच सांगितलं होतं आणि आईने नातेवाइकांना ते "युनिव्हर्सिटीत नोकरी" असं सांगितलं, दोन्ही खोटं नाही.

टॅक्सच्या बाबतीत मात्र वाचण्याचा जो फायदा झाला तो सांगते कारण नवीन मुलांना हे माहीत नसतं. एफ-वनवर म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं आपल्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे तिथल्या पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्याचे कर, कापायचे नसतात, पगाराच्या स्लिपवर ते कापले जात असतील तर लगेच पेरोलला सांगायचं. दुसरं म्हणजे साधारणपणे नॉन-रेसिडेंटला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे टॅक्स लावण्याआधी उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम, मिळत नाही, पण भारत-अमेरिका करकरारात कलम २१ आहे, त्यामुळे भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला ते मिळतं. २०२२ सालासाठी ते १२,९५० डॉलर होतं, म्हणजे माझ्यासारखीचा चार महिन्यांचा पगार त्यात आरामात बसला आणि कापलेला फेडरल टॅक्स सगळा परत आला. माझी चिनी लॅबमेट हे ऐकून वैतागली होती, त्यांच्या करारात वेगळी सूट आहे पण हे नाही. आणि काहीच कमाई नसली तरी ८८४३ नंबरचा फॉर्म पाठवायचाच असतो, कित्येक जण तो पाठवतच नाहीत.

आता बर्फ. बफलो म्हटलं की सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. एरी सरोवराचं पाणी नोव्हेंबरात अजून कोमट असतं आणि वरून गारठलेला वारा येतो, तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर एका चिंचोळ्या पट्ट्यात ओततो. पट्ट्यात सापडलात तर मेलात, दहा मैल बाजूला असाल तर ऊन. नोव्हेंबर २०२२ ला बफलोच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये ऐंशी इंचांच्या आसपास बर्फ पडला, बिल्सची म्हणजे तिथल्या फुटबॉल टीमची घरची मॅच उचलून डेट्रॉइटला न्यावी लागली, आणि आमच्याकडे उत्तरेला त्या मानाने काहीच नाही, आम्ही फोटो काढले. त्यामुळे डिसेंबरात वादळाचा इशारा आला तेव्हा आम्ही जरा हलक्यातच घेतलं असतं, पण शेजारचे आजोबा दारात येऊन सांगून गेले की पोरींनो हे वेगळं आहे, पाणी भरून ठेवा, आजच सामान आणा. कृष्णवर्णीय, सत्तरी ओलांडलेले, १९७७ चं मोठं वादळ त्यांनी पाहिलेलं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, हे माणसानेच सांगितलं. चोवीस तासांच्या वर खिडकीबाहेर समोरचं घर दिसत नव्हतं, नुसता पांढरा आवाज. आमची लाईट गेली नाही, दोन गल्ल्या सोडून गेली होती आणि तिथली तीन देशी मुलं आमच्याकडे येऊन राहिली, म्हणजे चार जणींच्या घरात सात जण, मसूर आणि भात, मसूर आणि भात. गाड्या चालवायला बंदी पाच-सहा दिवस होती. त्या वादळात चाळीसहून जास्त लोक गेले, काही गाडीत अडकून, काही घरात गारठून. नंतर आजोबांनी मला फावडं धरायला शिकवलं, बर्फ उचलायचा नाही, ढकलायचा, नाहीतर कंबर जाते.

दुसऱ्या वर्षी करिअर फेअर. मोठा हॉल, शंभरएक टेबलं, आणि तुम्ही फॉर्मल घालून जायचं, हात मिळवायचा आणि अर्ध्या मिनिटात स्वतःचं कौतुक करायचं. हे मला ऑफिस अवर्सपेक्षा दसपट जड गेलं. आपण "थोडंफार येतं" म्हणणारी माणसं, त्यातून मी सांगलीची. माझी अमेरिकन प्रोजेक्ट-पार्टनर, जिला माझ्याइतकंही कोडिंग येत नव्हतं, ती सहज म्हणायची "आय लेड दिस". मी सरावाने शिकले, आरशासमोर, रूममेटना बसवून, तरी "मी केलं" म्हणायच्या ऐवजी तोंडातून "आम्ही केलं" यायचंच. आणि सगळं छान चाललेलं असताना शेवटी तो प्रश्न, आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप, म्हणजे कंपनीने व्हिसासाठी अर्ज करणं, लागेल का. हो म्हटलं की काही टेबलांवर हसू तसंच राहतं आणि रेझ्युमे दुसऱ्या गठ्ठ्यात जातो. ते सुद्धा त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं म्हणा, आधी वाचून गेलं की रांगेत वेळ जात नाही.

समर इंटर्नशिप ओहायोत एका कारखान्यात झाली, डिसेंबर २०२३ ला डिग्री. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचा, अर्ज कोर्स संपायच्या नव्वद दिवस आधीपासून करता येतो, तेव्हा फी ४१० डॉलर होती, मी पहिल्याच आठवड्यात टाकला, फोटोचा साईज सुद्धा दोनदा तपासून. कार्ड आलं, आणि मग बेरोजगारीचे नव्वद दिवस मोजायला सुरुवात, त्याच्या आत नोकरी नाही लागली तर परत. मला ती त्या प्रोफेसरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून लागली, एका मंगळवारी सहज विचारलं होतं म्हणून. स्टेमचे, म्हणजे विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना मिळणारे, आणखी चोवीस महिने धरून एकूण तीन वर्षं. कंपनीने मार्चमध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव घातलं होतं, लागलं नाही. ८५,००० जागा, नावं त्याच्या कितीतरी पट, आणि तेव्हा कॉम्प्युटर चिठ्ठ्या उचलायचा. बाबा परत विचारत होते तिथला माणूस कोण आहे. या वेळी मलाही वाटलं की असता तर बरं झालं असतं.